मोहरीवरची राख

आत्या, मी लिहायला शिकले. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "मंग आता धारा कोन काढील गं?" दोन पावसाळ्यांपूर्वी तुझ्या नातवाने, म्हणजे माझ्या लेकाने, मला पाटी आणून दिली. तो इथे चौक गावात शाळेत मास्तर आहे. दिवसभर लोकांच्या पोरांवर ओरडून त्याची हौस फिटत नाही, म्हणून संध्याकाळी आईला पुढ्यात घेऊन बसतो. चुकले तर छडी नाही मारत, पण सुस्कारा असा टाकतो की छडी बरी. आता मला कागदावर लिहिता येतं. बोलते मी अजून तुझ्यासारखीच, पण टाक हातात धरला की मास्तरांची भाषा येते, ती तू सोसून घे. पहिलं पत्र कुणाला लिहावं याचा विचार करत बसले, तर जिवंत माणसांपैकी कुणाला काही सांगायचं राहिलंय असं वाटेना. राहिलंय ते तुलाच.

तू माझ्या बापाची बहीण, आणि पुढे माझी सासू. आत्याच्या घरी सून म्हणून जायचं म्हणजे नुसता लाड, असं आमच्या गावच्या पोरी म्हणायच्या. त्यांनी तुझा गोठा पाहिला नव्हता. नेरळच्या अलीकडे, नदीच्या काठाला, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी तो साहेबाचा गोठा. साहेब घाटातल्या रेल्वेच्या कामावर आलेला. काम संपलं, बाकीचे आपल्या देशाला गेले, हा इथेच राहिला आणि गाई पाळू लागला. बारा गाई, त्यातल्या दोन विलायती, आणि सगळ्यांवर तू. दूध आणि लोणी वर माथेरानच्या हॉटेलांत जायचं. पहाटे तुझा मुलगा तट्टावर चरव्या बांधून चढणीला लागायचा आणि आपण दोघी शेण काढायला. साहेब मराठी शिकला होता ती घाटात सुरुंग लावणाऱ्या माणसांकडून, त्यामुळे तो साधं 'पाणी आणा' म्हणाला तरी दरड कोसळल्यासारखं वाटायचं. तू एकटीच त्याला घाबरायची नाहीस. तू त्याला "ओ सायेब" म्हणायचीस आणि तो तुला "बाई".

त्या साहेबाचं एक वेड होतं, मोहरीचं. त्याच्या मुलखात म्हणे गाईगुरांना हिरवी मोहरी आणि तसलेच गड्डे घालतात. भात कापून झालं की नदीकाठच्या ओलीवर सगळं गाव वाल पेरायचं आणि साहेब मोहरी पेरायचा. गावातले लोक बांधावर उभे राहून विचारायचे, "गाईला काय फोडनी देताव का?" आपण फोडणीला चिमूटभर घालतो ती वस्तू गाईने पाटीभर खायची, हे तुलाही पटलं नव्हतं. पण गाईने खाल्ली, आणि आवडीने खाल्ली, तेव्हा तू म्हणालीस, "जिला खायची तिला आवडली, आपुन कोन बोलनार?" आणि त्या दिवसापासून ती मोहरी तुझी झाली. साहेबाने काय, नुसतं बी आणलं होतं.

मी आले त्या पहिल्याच थंडीत मी ती गाईंना धारेच्या आधी घातली, आठवतं ना? मोहरी धार काढून झाल्यावर घालायची, आधी नाही, हे तू मला दोनदा सांगितलं होतंस आणि मी दोनदा मान हलवली होती. त्या दिवशीचं दूध वर गेलं, त्याचा चहा झाला, आणि हॉटेलातला खानसामा खाली निरोप पाठवतो की आज चहाला मोहरीचा वास मारतोय, उद्यापासून कढीपत्ताही पाठवा. साहेब लालबुंद झाला. तू मला त्याच्यासमोर एक अक्षर बोलली नाहीस. घरी आल्यावर मात्र वरून परत आलेलं ते दूध तापवून माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, "पी." मी प्यायले. अजून फोडणीत मोहरी तडतडली की ते दूध माझ्या घशाशी येतं. त्यानंतर तुझं सांगणं मी कधी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं नाही, एक वेळ सोडून, आणि त्या वेळेसाठीच हे लिहायला बसले आहे.

मोहरी आपल्याला आवडली, गाईंना आवडली, आणि किड्यांना तर विचारूच नको. दुसरी पानं फुटायच्या आधी बारीक काळे उडते किडे यायचे, पानाची चाळण करायचे. मग काळी अळी. तिला बोट लावलं की अंगाचं वेटोळं करून खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. तू म्हणायचीस, "धारंला हाक मारली का तू बी आशीच पडतीस." त्या अळीला तू बरोबर ओळखलं होतंस. पडायची सवय ना तिला, मग पडू दे. एका हाताने सूप रोपाखाली धरायचं, दुसऱ्या हाताने रोपाला टिचकी मारायची, की अळ्या टपटप सुपात. सकाळी दव असताना आपण तिघी-चौघी बायका ओळीने अशा जायचो आणि सूप भरलं की कोंबड्यांपुढे ओतायचो. साहेब पायरीवर बसून बघायचा आणि म्हणायचा, "बाई, हा तुमचा सूप फार हुशार आहे." तुला ते इतकं आवडलं होतं की तू जेवताना मध्येच हसायचीस.

आणि मग पौषात मोहरी फुलावर आली की मावा. बारीक, राखी हिरवा, शेंड्याला लगडलेला, सगळं रोप चिकट करून टाकणारा. तो टिचकीने पडत नाही. त्याला तुझी राख. दूध तापवायच्या चुलीतली राख तू निवडून घ्यायचीस, वस्त्रगाळ करायचीस, आणि तुझ्याच जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात पोटली बांधून दवाच्या वेळी रोपारोपावर झटकत जायचीस. झटकताना तू तोंड मिटून घ्यायचीस, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस. त्यावरून गावभर झालं की बाई मनात मंत्र म्हणते. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "कसला मंत्र न् काय गं. तोंड उघाडलं का राख आत जाते." पण लोकांना तू हे सांगितलं नाहीस. कोल्हारेपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत बायका तुला बोलावू लागल्या, कुणाच्या वालावर, कुणाच्या भोपळीच्या वेलावर. तुझ्या हाताला गुण आहे म्हणायच्या. ओटीत नारळ घेऊन तू परत यायचीस तेव्हा तुझी चाल निराळी असायची. ते मला फार बघावंसं वाटायचं, आणि खरं सांगू, थोडं हवंसंही वाटायचं.

त्या वर्षी साहेबाचं काहीतरी बिनसलं होतं. आदल्या साली मोहरी अर्धी गेली होती. कार्तिकात पेरतानाच त्याने तुला सांगितलं, "बाई, या वर्षी तुमचा मोहरी मेला तर गाई मी विकतो. पुण्याला लष्करात. माझा गाई काय खाणार, दगड?" तू म्हणालीस, "मोहरी नाय मरत. मी हाय." बारा गाई म्हणजे आपलं आणि आणखी तीन घरांचं पोट. पण तुझा जीव अडकला होता त्या कान फाटलेल्या तांबडीत. तिची आई वितानाच गेली आणि तू तिला बोट दुधात बुडवून चोखायला देऊन वाढवली होतीस. ती तुझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नसे. मला तर तिने दोनदा शेणात पाडलं होतं.

पौष निम्मा सरला असेल, खालापूरहून निरोप आला की वन्संचे दिवस भरले. पहिलटकरीण लेक, तुला जावंच लागणार. जाताना तू शेताच्या बांधावर मला उभं करून दहा गोष्टी सांगितल्यास. शेवटची अशी, "सुपात पडंल ती आळी कोंबड्यांना. दुसऱ्या कशाला हात लावू नको. मावा आला तर निरोप धाड, राख मीच मारीन." मी मान हलवली. तू गेलीस, आणि मला वाटलं, आता बघच आत्या, परत येशील तेव्हा शेत असं ठेवते की तुझे डोळे मोठे झाले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सुपात अळ्यांबरोबर लाल किडे पडले. गोल, मसुरीएवढे, पाठीवर काळे ठिपके असलेले. त्यांच्याबरोबर काळपट, पाठीवर पिवळे डाग असलेली, सहा पायांची बारीक पोरंही होती. मी कोंबड्यांपुढे ओतलं. कोंबड्यांनी अळ्या मटकावल्या. लाल किडा एकीने चोचीत धरला आणि लगेच टाकून दिला, चोच जमिनीला पुसली. दुसरीनेही तेच केलं. आपल्या कोंबड्या काय खात नाहीत ते तुला ठाऊक आहे. चुलीतला निखाराही चोच मारून बघायच्या. ज्याला कोंबडी थुंकते तो किडा विषारीच असणार, असं माझ्या मनाने घेतलं. शिवाय शेतात नीट पाहिलं तर ज्या शेंड्यावर मावा, त्याच शेंड्यावर हा लाल ठिपकेवाला ठाण मांडून. मग मावा आणणारा हाच नव्हे तर कोण! हे लाल किडे कोण, कशाला येतात, मला तेव्हा काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तुला निरोप न धाडता मी एक मडकं घेतलं, त्यात गोमूत्र घातलं आणि वेचायला लागले. बायकांनाही लावलं. आठ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. पाचव्या दिवशीच मडक्याचा तळ लाल दिसायला लागला तेव्हा मी ते साहेबाला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "शाबास. बाईपेक्षा सून भारी." त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

नवव्या दिवशी तू आलीस. बाळंतपणाचे बारा दिवस व्हायच्या आधीच, बारशाचीही वाट न बघता. मुलगी झाली म्हणून सांगितलंस आणि लुगडं न बदलता शेतात गेलीस. मी विचारलं, "आत्या, इतक्या लवकर?" तू म्हणालीस, "तुझ्यावर भरवसा नव्हता गं." तू ते हसत म्हणालीस. मला मात्र ते असं लागलं की मडक्याबद्दल जे सांगायचं होतं ते मी गिळलं. म्हटलं, साहेबच सांगेल. पण साहेब त्याच दिवशी मुंबईला गेला होता.

पुढच्या सहा दिवसांत मावा असा उठला की शेतात पिवळं फूल दिसेना. शेंडे जाडजूड, राखी झाले, हात लावला की बोटं चिकटायची. तू राख काढलीस. पहिल्या सकाळी मारलीस, दुसऱ्या, तिसऱ्या. मी मागे पाटी धरून होते. चौथ्या दिवशी राखेवरच नवा मावा बसला होता. गाईंना पाला घातला तर त्यांनी हुंगून मान फिरवली, तुझ्या तांबडीनेसुद्धा. साहेब मुंबईहून आला, बांधावर उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यात नांगर घातला. तू गोठ्यात येऊन तांबडीच्या मानेला हात घालून उभी राहिलीस. मला म्हणालीस, "बाळंतिणीच्या खोलीतनं बारा दिसांच्या आत उठून आले गं. तसंच राखेला हात लावला. हाताचा गुन गेला." मी तिथेच, तुझ्यापासून दोन हातांवर होते. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

ते मी बोलले नाही, पण तू काय केलंस ते मात्र आजही सांगताना मला हसू येतं. साहेब पुण्याला पत्र लिहायला बसला, तेवढ्यात तू कमरेला पदर खोचलास आणि गावात गेलीस. ज्या ज्या बाईच्या वालावर तू कधी राख मारली होतीस, तिच्या दारात जाऊन उभी राहिलीस. "शेंगा तुमच्या, येल मला." वाल खुडून झाले की वेल वाळत पडतात, कुणाला नकोच असतात. संध्याकाळपर्यंत गोठ्यात चार गाड्या वेल. गाई अशा तुटून पडल्या की दावी तुटायची वेळ आली. आणि दूध! वरच्या खानसाम्याचा निरोप आला की हे लोणी कुठलं, मडमा विचारतात, वास कसा नाही? साहेबाने तो निरोप दोनदा वाचला, डोक्याची टोपी काढली, परत घातली. "बाई, तुमचा वाल माझा मोहरीपेक्षा चांगला आहे." तू म्हणालीस, "मंग पाच वर्सं सांगत कोन व्हता?" तू एकदाही सांगितलं नव्हतंस, आत्या. पण ते तुला शोभलं. गाई कुठे गेल्या नाहीत. तांबडी आपल्याच गोठ्यात म्हातारी झाली आणि शेवटपर्यंत मला लाथ मारत राहिली.

सगळ्यांचं भलं झालं. बिघडलं ते एवढंच की तू पुन्हा राखेला हात लावला नाहीस. बायका बोलवायला आल्या की म्हणायचीस, "माज्या हाताला आता गुन नाय. सुनंला न्या." आणि एक दिवस ते फडकं धुऊन, घडी करून माझ्या हातात दिलंस. मी गेले. तोंड मिटून राख झटकली, आणि मावा हटला. पुढच्या खेपेलाही हटला. मला नारळ मिळू लागले, ओसरीवर पाट मिळू लागला. तू परसात बसून माझी वाट बघायचीस आणि मी आले की माझे हात हातात घेऊन म्हणायचीस, "माजा गुन तुज्यात उतारला. वाया नाय गेला." तू आजारी होतीस त्या महिन्यातही हेच म्हणालीस. आलेल्या-गेलेल्याला सांगायचीस. मी काय बोलणार होते? तू इतकी खुशीत होतीस.

आता ऐक. वर मी लिहिलंय की लाल किड्यांचं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सात दिवस ते खरं होतं. आठव्या दिवशी दुपारी, मडकं भरत आलेलं, एक लाल किडा माझ्या तळहातावर चालत होता. हाताला मावा चिकटलेला होताच. तो किडा थांबला, एक मावा धरला आणि खाल्ला. मग दुसरा. मी पाहत राहिले. दळणाला बसलेल्या बाईने मूठ मूठ दाणे टाकावेत तसा तो खात होता. मला कळलं, आत्या. तिथल्या तिथे कळलं की मी आठ दिवस राखणदारच बुडवले आहेत. पण साहेबाने शाबास म्हटलं होतं, बायका बघत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तू यायची होतीस असं नाही, पण कधीतरी यायचीच होतीस. मी तळहात मडक्यावर उलटा केला.

म्हणून माझी राख कधी हरली नाही. मी आधी रोपं बघते. ज्या शेंड्यावर लाल किडा असेल त्याला हात लावत नाही, राख मारत नाही, पुढे जाते. लोक म्हणतात, बाई काही रोपं देवाला सोडते. मी म्हणू देते, तू मंत्राचं म्हणू दिलंस तसंच. तुझ्या हाताचा गुण कुठेही गेला नव्हता. बारा दिवसांचा काही संबंध नव्हता, त्या बाळाचा नव्हता, तुझा तर नव्हताच. तू राख बरोबर मारलीस. मीच तुझ्या पाठीमागून तुझी अर्धी माणसं बुडवून ठेवली होती, आणि तुझा मान मी तीस वर्षं ओटीत घेऊन घरी आले.

लेक विचारतोय, आई, इतकं काय लिहितेस, कुणाला धाडायचं? त्याला म्हटलं, हात वळवतेय. कागद तुझ्या फडक्यात गुंडाळून ठेवणार होते, पण फडकं लागणार आहे, कारण उद्या पहाटे पलीकडच्या आळीत जायचंय, एका सुनेच्या परसातल्या मोहरीला मावा लागलाय. तिला लाल किडा दाखवेन, हा ठेव म्हणून सांगेन. एवढं तर करता येईल. माझ्या हातून काय झालं होतं ते मात्र तिलाही सांगवणार नाही. राख मारताना तोंड मिटायचं असतं, हे तूच शिकवलंस आत्या. मी ते जरा जास्तच वर्षं मिटून ठेवलं.